रेडी (वेंगुर्ला)

रेडी हे महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला तालुक्यात, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर वसलेले गाव आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे दक्षिण टोक म्हणजे रेडी. गावाच्या दक्षिणेला तेरेखोल हे गोव्यातील गाव लागते. लोहखनिजाच्या खाणी, खनिज निर्यातीचे लहान बंदर, यशवंतगड हा किल्ला आणि खाणीच्या परिसरात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती यांसाठी रेडी ओळखले जाते. प्राचीन ताम्रपट व शिलालेखांतील रेवतीद्वीप ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रायगड जिल्ह्यातील रेवसपासून निघणारा सागरी महामार्ग येथे संपतो. त्यामुळे ‘रेवस ते रेडी’ या शब्दप्रयोगातून हे नाव गाव न पाहिलेल्यांनाही परिचित असते.

नाव

‘रेवती’ या नावाचा अपभ्रंश होऊन ‘रेडी’ हे रूप तयार झाले, असे मानले जाते. इंग्रजी कागदपत्रांत गावाचा उल्लेख ‘रायरी’ किंवा ‘रेड्डी’ असा, तर पोर्तुगीज कागदपत्रांत ‘रारिम’ असा आढळतो. यांपैकी ‘रायरी’ या रूपाने वाचकांचा बराच गोंधळ होतो, कारण रायगड किल्ल्याचे जुने नावही रायरीच होते. अठराव्या शतकातील मुंबईकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात रायरीवर हल्ला केल्याचा किंवा रायरी परत दिल्याचा उल्लेख येतो, तेव्हा तो सामान्यतः वेंगुर्ल्याजवळच्या या किनारी किल्ल्याविषयी असतो, रायगडाविषयी नव्हे.

भूगोल

गावाच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला शिरोडा आणि दक्षिणेला तेरेखोल आहे. तेरेखोल नदीने बऱ्याच अंतरापर्यंत महाराष्ट्र आणि गोव्याची सीमा आखली आहे. मुखाजवळ मात्र तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे रेडीच्या बाजूला असूनही गोव्यात मोडतात. उर्वरित गोव्यातून तेथे जाण्यासाठी केरी येथून फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते. रेडीहून मात्र थेट रस्ता आहे. या भौगोलिक विसंगतीला राजकीय इतिहास कारणीभूत आहे, त्याची माहिती पुढे दिली आहे.

दक्षिण कोकणातील इतर गावांप्रमाणे रेडीची वस्ती एकवटलेली नसून वाड्यांमध्ये विखुरलेली आहे. समुद्रालगत पुळण आणि माडांच्या बागा, त्यामागे भातशेतीचे मळे आणि त्यावर जांभ्या दगडाचे सडे, अशी जमिनीची चढती रचना दिसते. सड्यावर झिरपलेले पावसाचे पाणी उताराच्या पायथ्याशी झरे आणि विहिरींच्या रूपाने वर येते. मळ्यांतील उन्हाळी वायंगण शेती आणि बागांचे शिंपणे या पाण्यावर अवलंबून असते. खाणकामाचा येथील शेतीवर होणारा परिणाम समजून घेताना ही जलव्यवस्था ध्यानात ठेवावी लागते. खनिज सापडते ते टेकड्यांच्या पोटात, आणि पाणी साठते तेही तिथेच.

भूविज्ञान

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागात मात्र हे आवरण विरत जाते आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. हे खडक कर्नाटक आणि गोव्यात पसरलेल्या धारवाड खडकसमूहाशी नाते सांगणारे आहेत. त्यांत लोहयुक्त पट्टे आणि गारेचे (सिलिकाचे) पट्टे आलटून पालटून असलेला खडक आढळतो. उष्ण, दमट हवामान आणि प्रचंड पाऊस यांमुळे लक्षावधी वर्षांच्या काळात या खडकातील सिलिका धुऊन गेली, लोहाचे प्रमाण वाढले आणि हेमॅटाइटचे साठे तयार झाले. वरच्या थरात कठीण ढेकूळ-खनिज आणि खाली भुसभुशीत भुकटी, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. गोव्यातील प्रसिद्ध लोहपट्ट्याचे उत्तरेकडील टोक म्हणून रेडीच्या साठ्यांकडे पाहिले जाते. राज्यसीमेचा भूगर्भाशी संबंध नसतो, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोहाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते. रेडी आणि गोव्यातील खनिज यापेक्षा बरेच हलक्या प्रतीचे असल्याने त्याची बाजारपेठ प्रामुख्याने परदेशातच राहिली. देशातील पोलाद कारखान्यांना ओडिशा, छत्तीसगड, कर्नाटक येथील उच्च प्रतीचे खनिज उपलब्ध होते. हलके खनिज स्वीकारून त्यात भारी खनिज मिसळण्याची सोय असणाऱ्या जपानी आणि नंतर चिनी कारखान्यांनी रेडीचा माल घेतला. खाण समुद्राच्या अगदी जवळ असल्याने वाहतुकीचा खर्च कमी पडे. हलक्या प्रतीच्या खनिजाला व्यापारात टिकवून धरले ते या अल्प अंतराने.

इतिहास

प्राचीन काळ

बदामीच्या चालुक्यांच्या काळात रेवतीद्वीप हे कोकणातील महत्त्वाचे ठाणे होते. चालुक्य राजा मंगलेश याने ते जिंकले. या मोहिमेचा उल्लेख दुसऱ्या पुलकेशीचा दरबारी कवी रविकीर्ती याच्या ऐहोळे येथील शिलालेखात (शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५) आहे. मंगलेशाच्या निशाणधारी सैन्याचे प्रतिबिंब समुद्रात पडले तेव्हा जणू वरुणाचेच सैन्य त्याच्या आज्ञेवरून आले आहे असे वाटले, अशी कल्पना कवीने तेथे केली आहे. वेढा समुद्रालगतच्या स्थळाला पडला होता, एवढे तरी त्यावरून निश्चित होते. कुडाळ तालुक्यातील नेरूर येथे सापडलेल्या मंगलेशाच्या ताम्रपटात, अठरा लढाया जिंकलेल्या स्वामिराज नावाच्या चालुक्यवंशीयाला मंगलेशाने ठार केल्याची नोंद आहे. हा स्वामिराज कोकणातील, बहुधा रेवतीद्वीपाचाच अधिपती असावा, असे इतिहासकारांचे अनुमान आहे.

गोव्यात सापडलेला सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा याचा ताम्रपट (शके ५३२, म्हणजे इ.स. ६१०-११) हा रेवतीद्वीपाविषयीचा अधिक ठोस पुरावा होय. बाटपूर वंशातील हा अधिकारी रेवतीद्वीपातून चार विषयमंडलांचा कारभार पाहत होता. त्याने दान दिलेले गाव खेटाहार प्रदेशातील आहे आणि खेटाहार म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील खेडचा परिसर, असे मानले जाते. हे मत ग्राह्य धरल्यास सातव्या शतकाच्या आरंभी या ठाण्याची सत्ता उत्तरेला फार दूरवर पोहोचली होती असे दिसते. आजच्या रेडीचा विस्तार पाहता हे आश्चर्यकारक वाटते. ‘द्वीप’ या शब्दामुळे काहींनी रेवतीद्वीपाची ओळख अन्यत्र सुचवली आहे. परंतु समुद्र आणि खाडी यांनी वेढलेल्या भूशिरालाही जुन्या लेखनात द्वीप म्हटलेले आढळते आणि रेडीची भूरचना त्या वर्णनात बसते.

यशवंतगड

गावाजवळच्या टेकडीवर, खाडी आणि समुद्र या दोहोंवर नजर ठेवणाऱ्या जागी यशवंतगड उभा आहे. त्याची मूळ बांधणी विजापूरच्या आदिलशाही काळातील मानली जाते. १६६२च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी तो घेऊन त्याची दुरुस्ती केली, असे सांगितले जाते. पुढे तो वाडीच्या सावंतांकडे, म्हणजे सावंतवाडी संस्थानाकडे आला.

अठराव्या शतकात या किल्ल्यासाठी तीन सत्तांमध्ये झगडा झाला. सावंतांची गलबते किनाऱ्यावरील परकीय व्यापाराला उपद्रव देत. या नाविक बळाला तेरेखोल आणि रेडी यांच्या मुखांवरील किल्ल्यांचा आधार होता. १७४६मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने उत्तर गोव्याच्या सीमेवर मोहीम उघडली आणि हळर्ण, तेरेखोल व रेडी ही ठाणी घेतली. हळर्णच्या विजयामुळे त्याला ‘आलोर्नाचा मार्किस’ हा किताब मिळाला. रेडी काही वर्षे पोर्तुगीजांकडे राहून पुन्हा सावंतांकडे आले. तेरेखोल मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले. नदीच्या उत्तर काठावरील ते छोटे ठाणे आज गोव्यात असण्याचे मूळ कारण हेच होय.

१७६५मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या आरमाराने मालवणबरोबरच रेडीचा किल्लाही काबीज केला. पुढील वर्षी, खर्चाची भरपाई आणि समुद्रावरील उपद्रव थांबवण्याची हमी घेऊन, तो सावंतांना परत देण्यात आला. १८१९मध्ये सर विल्यम ग्रँट केर याच्या सैन्याने तो पुन्हा घेतला. त्या वर्षीच्या तहानुसार कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची किनारपट्टी, यशवंतगड आणि निवतीच्या किल्ल्यांसह, इंग्रजांच्या ताब्यात गेली. यामुळे सावंतवाडी संस्थानाचा समुद्राशी थेट संबंध तुटला आणि रेडी ब्रिटिश अंमलातील रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनले. संस्थानचे दक्षिण दार म्हणून असलेले या गावाचे महत्त्व तेथून ओसरले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून रेडी त्या जिल्ह्यात आहे.

किल्ल्याचे बांधकाम जांभ्या दगडाचे आहे. खंदक, एकामागून एक येणारे दरवाजे, बुरूज आणि आतल्या बालेकिल्ल्यातील वाड्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. तटांच्या सांध्यांत शिरलेल्या झाडांच्या मुळांनी कित्येक ठिकाणी चिरे अक्षरशः कवळून धरले आहेत. पाहणाऱ्यांना हे दृश्य मोहक वाटते आणि छायाचित्रांतही तेच सर्वाधिक दिसते. पण याच मुळांमुळे भिंती फाकतात आणि मुळे सरसकट तोडली तर त्या कोसळण्याची भीती असते. जांभ्याच्या किल्ल्यांच्या जतनातील हा नेहमीचा पेच येथे ठळकपणे पाहायला मिळतो. दुर्गप्रेमी संस्थांच्या स्वयंसेवकांनी वेळोवेळी झाडी साफ करून वाटा मोकळ्या केल्या आहेत.

स्वातंत्र्यलढ्याशी संबंध

१९३०च्या मे महिन्यात शेजारच्या शिरोडा येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला आणि दक्षिण कोकणातील अनेक सत्याग्रही त्यासाठी या भागात जमले. कादंबरीकार वि. स. खांडेकर त्या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. १९४७नंतर रेडी पुन्हा सीमेवरचे गाव ठरले, कारण पलीकडे अद्याप पोर्तुगीज राजवट होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. १९६१मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ही सीमा बंदिस्तच राहिली.

लोहखनिजाचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पोलाद उद्योगाची पुन्हा उभारणी केली तेव्हा गोव्यातील लोहखनिजाला मागणी आली आणि तीच मागणी नदीच्या अलीकडेही पोहोचली. १९५०च्या दशकापासून रेडी परिसरात खाणपट्टे दिले जाऊ लागले. येथील खाणकामात बेळगावच्या गोगटे उद्योगसमूहाचा मोठा वाटा होता. त्यापूर्वी गावाचे अर्थकारण भात, नारळ, सुपारी, काजू, मासेमारी आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर यांवर चाले. खाणीने पहिल्यांदाच गावात नियमित रोख मजुरी आणली आणि मुंबईची वाट न धरताही पोट भरण्याचा मार्ग काही घरांना मिळाला. खाणीविषयी गावात जी दुहेरी भावना आढळते तिचे मूळ येथे आहे.

खाणकाम उघड्या पद्धतीचे होते. वरचा जांभ्याचा आणि मातीचा थर काढून खनिजापर्यंत पोहोचायचे, काढलेला टाकाऊ माल जवळच रचायचा आणि खनिज चाळून, धुऊन ढेकूळ व भुकटी वेगळी करायची, असा क्रम असे. गोव्याच्या खाणपट्ट्यात सर्वसाधारणपणे एक टन खनिजामागे दोन ते तीन टन टाकाऊ माल निघतो. येथील बोलीत ‘डंप’ म्हटले जाणारे ढिगारे त्यातूनच तयार झाले आणि सपाट मळ्यांशेजारी लाल टेकड्या उभ्या राहिल्या. जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खोल गेलेल्या खाणीतून पाणी सतत उपसावे लागते. उपसा थांबला की खड्डा तळ्यासारखा भरतो. रेडीतील अशा तळ्यांचे निळेहिरवे पाणी पाहून पर्यटक त्यांना नैसर्गिक सरोवरे समजतात.

बंदर आणि निर्यात

रेडी बंदराची घडणच खनिजामुळे झाली. मोठी जहाजे धक्क्यापर्यंत येऊ शकत नसल्याने खनिज ट्रकने जेट्टीवर आणले जाई, तेथून बार्जमध्ये भरले जाई आणि खोल समुद्रात नांगरलेल्या जहाजावर चढवले जाई. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला असल्याने ही चढाई बंद असे. ऑक्टोबर ते मे हा हंगाम आणि जून ते सप्टेंबर हा विसावा, हे खाणीचे चक्र मासेमारीच्या चक्राशी बरेचसे जुळणारे होते. प्रशासकीयदृष्ट्या रेडी हे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतील लहान बंदर आहे. २००९मध्ये राज्य शासनाने ५० वर्षांच्या करारावर त्याचा विकास खासगी कंपनीकडे सोपवला होता. मात्र त्या वेळी अपेक्षिलेले बारमाही मोठे बंदर उभे राहिले नाही.

भारताच्या परराष्ट्र व्यापाराच्या नियमावलीत रेडीचे नाव स्वतंत्रपणे येते, ही बाब फारशी ज्ञात नाही. ६४ टक्क्यांहून अधिक लोह असलेल्या खनिजाची निर्यात सरकारी कंपनीमार्फत करण्याचे बंधन दीर्घकाळ होते. या बंधनातून ‘रेडी प्रदेशातील लोहखनिज’ सर्व देशांसाठी आणि लोहाचे प्रमाण कितीही असले तरी मुक्त ठेवण्यात आले. गोव्याच्या खनिजाला अशी मोकळीक ठरावीक देशांपुरती होती. राष्ट्रीय धोरणाच्या परिशिष्टात राज्यांच्या आणि मोठ्या प्रदेशांच्या पंक्तीत एका गावाचे नाव यावे, यावरून या व्यवसायाचे एकेकाळचे वजन लक्षात येते.

२०००नंतर चीनच्या मागणीमुळे हलक्या खनिजाचे भावही कडाडले. पूर्वी टाकाऊ ठरलेल्या ढिगाऱ्यांतील मालालाही किंमत आली आणि गोव्यासह या भागात ट्रक व बार्ज विकत घेण्याची लाट उसळली. ही भरभराट एका दशकापुरतीच टिकली. केंद्र सरकारने २०११च्या अखेरीस लोहखनिजावरील निर्यात शुल्क ३० टक्के केले. सप्टेंबर २०१२मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. पुढे चीनची मागणी आणि जागतिक भाव दोन्ही खाली आले. हलक्या खनिजाला शुल्काचा फटका सर्वांत आधी बसतो, कारण त्यात नफ्याचे अंतर मुळातच थोडे असते. २०१६च्या अर्थसंकल्पात ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावरील शुल्क काढण्यात आले. मे २०२२मध्ये ते थेट ५० टक्क्यांवर नेले गेले आणि नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा मागे घेतले गेले. दिल्लीतील एका अधिसूचनेने येथील हंगाम उभा राहतो किंवा बुडतो, हा अनुभव गावाने वारंवार घेतला.

कच्च्या लोखंडाचा कारखाना

खनिज परदेशी पाठवण्याऐवजी जागीच वितळवावे, हा विचार १९९०च्या दशकात प्रत्यक्षात आला. उषा इस्पात या कंपनीने रेडी येथे कच्चे लोखंड (पिग आयर्न) तयार करणारा कारखाना उभारला. तो अडचणीत येऊन बंद पडल्यानंतर काही वर्षांनी टाटा मेटॅलिक्सने तो घेऊन चालवला. कर्नाटकात २०११मध्ये आणि गोव्यात २०१२मध्ये खाणबंदी आल्याने खनिजाची टंचाई निर्माण झाली आणि त्या सुमारास येथील उत्पादनही थांबले. वरकरणी यात विरोधाभास वाटतो: लोहखनिजाच्या गावातला कारखाना खनिजाअभावी बंद पडला. परंतु झोतभट्टीला ठरावीक प्रतीचे मिश्रण लागते आणि ते केवळ स्थानिक हलक्या खनिजावर साधत नाही. कोक तर बाहेरूनच आणावा लागतो. कारखान्याच्या बंद पडण्याने प्रत्यक्ष कामगारांपेक्षा वाहतूक, खानावळी, दुरुस्ती आणि भाड्याच्या खोल्या यांवर जगणाऱ्यांना अधिक मोठा धक्का बसला, कारण त्यांच्या नुकसानीची गणती कोठल्याच भरपाईत होत नाही.

पर्यावरण आणि वाद

खाणीच्या धुळीने रस्त्यालगतची झाडे लाल होणे, पावसाळ्यात ढिगाऱ्यांवरील माती वाहून मळ्यांत साचणे आणि विहिरींचे पाणी खाली जाणे, या लोहपट्ट्यातील सार्वत्रिक तक्रारी रेडीलाही लागू आहेत. भाताच्या मळ्यात बारीक लाल गाळाचा थर बसला की जमीन कडक होते आणि ती पूर्ववत व्हायला कित्येक हंगाम जातात. किनाऱ्यालगतच्या गावात आणखी एक धोका असतो. गोड्या पाण्याचा उपसा जास्त झाला तर खारे पाणी विहिरींकडे सरकते.

ऑगस्ट २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नव्या खाणी व प्रदूषणकारी प्रकल्पांना मंजुरी देण्यावर तात्पुरती स्थगिती आणली. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीला या दोन्ही जिल्ह्यांचा संपूर्ण, म्हणजे किनाऱ्यासह, विचार करण्यास सांगण्यात आले होते. समितीने २०११मध्ये अहवाल सादर केला आणि सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रातील चालू खाणी २०१६पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात अशी शिफारस केली. त्या काळात जिल्ह्यातील विरोध प्रामुख्याने दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतील नव्या खाणींवर केंद्रित होता. तेथील गावकऱ्यांना बागा आणि जंगल वाचवायचे होते. रेडीतील प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. येथे खाण दोन-तीन पिढ्यांपासून आहे, जमिनीचे स्वरूप बदलून गेले आहे आणि एकाच घरात एकाचा ट्रक तर दुसऱ्याची बाग अशी स्थिती आढळते. ‘खाण हवी की नको’ या प्रश्नापेक्षा सोडून दिलेल्या खड्ड्यांचे, ढिगाऱ्यांचे आणि पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न येथे अधिक निकडीचा आहे.

सोन्याची चर्चा

डिसेंबर २०२२मध्ये नागपूर येथील खाणविषयक परिषदेत तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचे सांगितले. त्यानंतर रेडीच्या खाणींचे नाव सोन्याशी जोडणाऱ्या गप्पा पुष्कळ झाल्या. रेडीतील आजवरचे खाणकाम लोहखनिजाचे आहे, सोन्याचे नव्हे. तथापि ही अपेक्षा भूवैज्ञानिकदृष्ट्या निराधार म्हणता येत नाही, कारण कर्नाटकातील कोलार आणि हट्टी येथील सोन्याच्या खाणी धारवाड कुळातील खडकांतच आहेत. लोह टक्क्यांत मोजले जाते, तर सोने टनामागे ग्रॅममध्ये. त्यामुळे खडकात सोने असणे आणि ते काढणे परवडणे यांत फार मोठे अंतर असते. शतकाहून अधिक काळ चाललेली कोलारची खाण २००१मध्ये बंद झाली ती सोने पूर्णपणे संपल्याने नव्हे, तर खोलवरून ते काढण्याचा खर्च मिळकतीपेक्षा वाढल्याने.

द्विभुज गणपती

नागोळेवाडी येथे समुद्राजवळ असलेले गणपतीचे मंदिर हे रेडीचे आजचे सर्वाधिक गजबजलेले ठिकाण आहे. १८ एप्रिल १९७६ रोजी खाणीच्या परिसरात ही मूर्ती प्रकटली. खाणीवरील एका ट्रकचालकाला स्वप्नात दृष्टांत झाला, त्याने दाखवलेल्या जागी गावकऱ्यांनी खोदले आणि मूर्ती मिळाली, अशी हकिगत सांगितली जाते. काही दिवसांनी जवळच उंदराची मूर्तीही सापडली. गणपतीची मूर्ती जांभ्या दगडातील, बैठी, सुमारे माणसाच्या उंचीची आणि दोन हातांची आहे. गणपतीच्या चतुर्भुज मूर्ती सर्वत्र दिसतात, द्विभुज मूर्ती तुलनेने विरळा. उत्तर कन्नड जिल्ह्यातील इडगुंजीचा गणपती हे किनाऱ्यावरील दुसरे प्रसिद्ध उदाहरण होय. द्विभुज रूप मूर्तिशास्त्रात प्राचीन मानले जात असल्याने रेडीची मूर्ती रेवतीद्वीपाच्या काळाशी जोडण्याचा मोह होतो. लोकपरंपरा तर ती पांडवकालीन मानते.

मूर्तीच्या शोधाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. प्राचीन बंदराच्या जागी यंत्राने टेकड्या खोदल्या गेल्या, तेव्हा ही मूर्ती श्रद्धेमुळे वाचली. जुनी भांडी, विटा, नाणी असे जे अवशेष अशा ठिकाणी असू शकतात, ते नजरेस न पडता ढिगाऱ्यात जाण्याची शक्यता मोठी असते. रेवतीद्वीपाचा इतिहास अजूनही मुख्यतः अन्यत्र सापडलेल्या लेखांवरून लिहावा लागतो, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे.

समाज आणि संस्कृती

गावात मालवणी बोलली जाते आणि सीमेलगतच्या वाड्यांत तिच्यावर पेडण्याच्या कोकणीची छटा स्पष्ट जाणवते. सोयरिकी, जत्रा आणि बाजार यांनी रेडी, शिरोडा, आरोंदा आणि पेडणे हा एकच परिसर बनवला आहे. ग्रामदेवता माऊलीचे मंदिर गावऱ्हाटीच्या केंद्रस्थानी असून सण-उत्सवांतील मान परंपरेने ठरलेले आहेत. कनयाळ येथील नवदुर्गा ही गोमंतकाशी नाते असलेल्या अनेक कुटुंबांची कुलदेवता असल्याने तेथे गोवा, कर्नाटक आणि मुंबईहून भाविक येतात. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. गणेशचतुर्थी आणि शिमगा या दोन सणांना मुंबईकर चाकरमानी गावी परततात. माघी गणेश जयंतीला आणि अंगारकीला नागोळेवाडीत मोठी गर्दी होते.

वाहतूक

रेडी हे वेंगुर्ला आणि सावंतवाडी या दोन्ही शहरांशी शिरोडामार्गे रस्त्याने जोडलेले असून एसटीच्या गाड्या नियमित चालतात. कोकण रेल्वेवरील सावंतवाडी रोड आणि मडुरे ही जवळची स्थानके आहेत. आरोंदा-किरणपाणी पुलामुळे गोव्यातील पेडणे तालुक्यात जाता येते आणि मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून या मार्गावरील वर्दळ वाढली आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गाची लांबी सुमारे ५०० कि.मी. असून त्यावरील खाड्यांवरचे काही मोठे पूल अद्याप पूर्ण झालेले नाहीत. पावसाळ्यात यशवंतगडाच्या पायवाटा निसरड्या होतात. पाण्याने भरलेल्या खाणींचे काठ भुसभुशीत आणि सरळ कडा असलेले असल्याने तेथे उतरणे धोकादायक आहे.